हुर्यो नक्की कुणाची? ‘स्वीट होम अलाबामा’च्या एका कडव्याची गोष्ट

मागे एका मित्राचा मेसेज आला. तो एका कव्हर बँडमध्ये, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये, गिटार वाजवतो, आणि त्यांच्यात ‘स्वीट होम अलाबामा’ या १९७० च्या दशकातल्या अमेरिकन रॉक गाण्यावरून जुंपली होती. बेसवाला म्हणतो हे गाणं वर्णद्वेषी आहे, सेटलिस्टमधून काढा. ड्रमर म्हणतो अरे येड्या उलट आहे, ते गाणं वर्णद्वेषी गव्हर्नरची हुर्यो उडवतंय, मागे नीट ऐक, बू बू बू असं येतं. दोघांकडे इंटरनेटवरचे पुरावे होते, दोघांचेही पुरावे खरे होते, आणि म्हणून भांडण मिटत नव्हतं. मित्राने मला विचारलं कारण मी भाषांतराची कामं करतो. मी म्हणलं पाठवून दे, ते वादग्रस्त कडवं मराठीत करून बघतो, शब्द नीट लावले की राजकारण आपोआप दिसेल. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन आठवडे एकाच कडव्यावर अडकलो, आणि कशावर अडकलो तर ‘वी’ या एका शब्दावर. त्याचीच ही गोष्ट.

आधी माहिती सांगून टाकतो. लिनर्ड स्किनर्ड हा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा बँड. गाण्यावर नावं तिघांची, गायक रॉनी व्हॅन झँट आणि गिटारवाले एड किंग, गॅरी रॉसिंग्टन. शब्द व्हॅन झँटचे. तिघातला एकही जण अलाबामाचा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या राज्याचा, नाही, किंग तर थेट कॅलिफोर्नियाचा. रेकॉर्डिंग १९७३ मध्ये, तेही अलाबामात नाही, शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या डोराव्हिल गावात. निर्माता अल कूपर न्यूयॉर्कचा. म्हणजे ‘माझं गोड घर’ म्हणणाऱ्या गाण्यात कुणाचंच घर तिथे नाही, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा मजेशीर वाटलं होतं, नंतर लक्षात आलं की हे मजेशीर नाही, महत्त्वाचं आहे. गाण्यातला ‘मी’ हा व्हॅन झँट नाहीये, ते एक पात्र आहे. १९७४ मध्ये ‘सेकंड हेल्पिंग’ अल्बमवर गाणं आलं आणि त्याच वर्षी बिलबोर्डच्या यादीत ८ व्या नंबरपर्यंत गेलं.

गाणं कशाला उत्तर म्हणून लिहिलं हे बहुतेकांना माहीत असतं. कॅनडाच्या नील यंगने १९७० मध्ये ‘सदर्न मॅन’ आणि १९७२ मध्ये ‘अलाबामा’ अशी दोन गाणी केली, दोन्हीत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या माणसाला उभा आडवा घेतलाय. जळते क्रॉस, चाबूक, कापसाची शेतं, सगळं काढलंय. त्यावर व्हॅन झँट म्हणाला होता की आम्हाला वाटलं, एकदोन बदकं मारायला नील सगळ्याच बदकांवर गोळ्या झाडतोय. म्हणून गाण्यात यंगला नाव घेऊन सुनावलंय की दक्षिणेच्या माणसाला तुझी गरज नाही. आता यात गंमत अशी की वैर वगैरे काही नव्हतं, व्हॅन झँट यंगचा फॅन होता, १९७७ च्या ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’ अल्बमच्या कव्हरवर त्याने यंगच्याच अल्बमचा टीशर्ट घातलाय. आणि यंगने २०१२ च्या आत्मचरित्रात कबूल केलं की त्याचं ‘अलाबामा’ हे गाणं दोषारोप करणारं आणि वरून बोलल्यासारखं होतं, मला पडलेला टोला मी कमावलेलाच होता. हेडफोन लावून डाव्या कानात ऐका, यंगचं नाव येतं त्या ओळीनंतर अगदी बारीक आवाजात कुणीतरी ‘सदर्न मॅन’ म्हणून जातं. तो कूपर आहे. थोडक्यात हे भांडण मिटलेलं आहे, त्यावर कुणी वाद घालू नये.

खरा लोच्या त्यापुढच्या कडव्यात आहे. मी ओळी जशाच्या तशा देत नाही, फक्त आशय सांगतो. बर्मिंगहॅममध्ये त्यांचं गव्हर्नरवर प्रेम आहे. मागून आवाज, बू बू बू. मग, आम्ही सगळ्यांनी जमेल ते केलं. मग, वॉटरगेटचा (राष्ट्राध्यक्ष निक्सनला भोवलेला राजकीय घोटाळा) मला काही त्रास होत नाही, तुझं मन तुला खातं का, खरं सांग. बास, चार ओळी. ज्यांना गाणं पार्टीपुरतं माहीत आहे त्यांना हे कडवं आठवतही नसतं, कारण ते संपतं आणि लगेच तो कोरस येतो ज्यावर सगळे ओरडतात.

हा गव्हर्नर, म्हणजे अलाबामा राज्याचा निवडून आलेला प्रमुख, जॉर्ज वॉलेस. १४ जानेवारी १९६३ च्या शपथविधीच्या भाषणात वंशभेद आज, उद्या आणि कायम असं जाहीर सांगणारा माणूस. त्याच वर्षी ११ जूनला अलाबामा विद्यापीठाच्या दारात स्वतः उभा राहिला, का तर दोन काळे विद्यार्थी आत जाऊ नयेत. आणि बर्मिंगहॅम म्हणजे तेच शहर जिथे त्याच वर्षी मे महिन्यात वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चातल्या शाळकरी मुलांवर कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले, आणि १५ सप्टेंबरला १६ व्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या, तीन १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. आता बघा, अलाबामाची राजधानी बर्मिंगहॅम नाही, माँटगोमरी आहे. गव्हर्नर बसतो माँटगोमरीत. लिहिणाऱ्याला फक्त गव्हर्नरबद्दल बोलायचं असतं तर राजधानीचं नाव आलं असतं. बर्मिंगहॅम आणि गव्हर्नर ही दोन नावं दहा वर्षांनी एका ओळीत शेजारी ठेवली की १९६३ आठवणारच, तेव्हाच्या कुठल्याही अमेरिकन माणसाला आठवणार. हे चुकून झालं असेल असं मला वाटत नाही. पण मुद्दाम केलं तर कुठल्या बाजूने केलं, ते ओळ सांगत नाही.

म्हणून साक्षीदारांकडे वळलो. इथे माझी पहिली चूक झाली, मला वाटलं लेखकाने काय म्हटलंय ते सापडलं की केस बंद.

व्हॅन झँट स्वतः १९७५ मध्ये म्हणालाय की गव्हर्नरबद्दलच्या ओळीचा लोकांनी गैरसमज करून घेतला, ओळीनंतरचं बू बू बू लोकांच्या लक्षातच आलं नाही आणि मीडियाने फक्त प्रेमाचा भाग उचलला. वॉलेसचं आणि माझं फार काही जुळत नाही, काळ्या लोकांबद्दल तो जे बोलतो ते मला पटत नाही, असंही तो बोललेला आहे. स्वच्छ उत्तर. ड्रमर जिंकला.

कूपर जरा सावध. त्याचं म्हणणं, जमेल ते केलं ही ओळ संदिग्धच आहे, पण मी तिचा अर्थ कायम असा घेत आलो की आम्ही वॉलेसला खुर्चीवरून काढायचा प्रयत्न केला. ‘मी असा अर्थ घेत आलो’ हे शब्द लक्षात ठेवा, निर्माता म्हणून स्टुडिओत समोर बसलेला माणूससुद्धा ‘मला माहीत आहे’ म्हणत नाहीये.

आणि मग एड किंग. ज्याच्या गिटारच्या सुरुवातीवर अख्खं गाणं उभं आहे तो. २००९ मध्ये त्याने स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलं की तुम्ही सगळे उलटं समजताय, ते बू आम्ही करत नाहीये. दक्षिणेचा माणूस जेव्हा जेव्हा म्हणतो की आमचं गव्हर्नरवर प्रेम आहे तेव्हा उत्तरेचा माणूस जे बू करतो ना, ते बू त्याला ऐकू येतंय. आणि जमेल ते केलं म्हणजे वॉलेसला निवडून आणायला केलं. वॉलेस हा दक्षिणेतल्या साध्या गोऱ्या माणसाच्या बाजूने उभा होता असंही त्याने लिहिलंय.

हे वाचल्यावर मी खुर्चीत मागे टेकलो. कारण किंगचं वाचन नाट्याच्या दृष्टीने खरंच चांगलं आहे. अख्खं गाणंच उत्तरेच्या टीकेला उत्तर आहे, मग मध्ये तीन अक्षरांपुरता उत्तरेचा आवाज ऐकू येणं यात काय अवघड आहे? आधीच्याच कडव्यात कूपरने डाव्या कानात यंगचा आवाज टाकला आहेच की. म्हणजे मागून येणारा आवाज हा समोरच्या पार्टीचा, ही या गाण्याची पद्धत गाण्यातच सापडते. ड्रमरचा हुकमी पुरावा गेला.

मागच्या आवाजांची पण एक गोष्ट आहे. या रेकॉर्डवर साथीला गाणाऱ्या दोन बायका मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग, दोघी काळ्या. क्लेटनने नंतर सांगितलंय की तिला फोन आला तेव्हा तिने आधी नाहीच म्हटलं होतं, अलाबामा म्हटल्यावर तिला त्या चर्चमधल्या मुली आठवल्या. नवऱ्याने समजूत घातली, आणि मग ती गेली आणि तिने ते एक प्रकारचा निषेध म्हणूनच गायलं. आता हे कुठल्या खात्यात टाकायचं सांगा. शब्द लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते वेगळं, पण जो आवाज आपण पन्नास वर्षं ऐकतोय त्या आवाजाच्या मनात हे होतं. मला वाटतं रॉक गाण्याच्या अर्थात हे मोजायला पाहिजे, कारण गाणं म्हणजे कागद नाही, कुणाच्या तरी घशातून ते आलंय.

तर साक्षीदार चार आणि उत्तरं किमान तीन. नेहमीचा उपाय म्हणजे कुणाची साक्ष जास्त वजनाची ते ठरवायचं. व्हॅन झँट शब्दांचा मालक आहे आणि दोन वर्षांच्या आत बोललाय, पण तेव्हा बँड देशभर खपत होता, वॉलेसप्रेमी म्हणवून घेणं परवडणारं नव्हतं. किंगला २००९ मध्ये काही कमवायचं नव्हतं, उलट शिव्याच पडणार होत्या, पण मध्ये पस्तीस वर्षं गेलेली. आणि व्हॅन झँट २० ऑक्टोबर १९७७ ला विमान अपघातात गेला, त्याला उलटतपासणीला बोलवता येत नाही. मी हा हिशोब दोनतीन दिवस करत बसलो होतो आणि तो कुठेही जात नव्हता.

मग परत कडव्यावर आलो, आणि किंगची पोस्ट पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. तो ओळ सांगताना ‘आमचं प्रेम आहे’ अशी सांगतो. रेकॉर्डवर ‘आमचं’ नाहीये. ‘त्यांचं’ आहे. बर्मिंगहॅममध्ये ‘त्यांचं’ गव्हर्नरवर प्रेम आहे. ज्या माणसाने हे गाणं आयुष्यात किती वेळा वाजवलं असेल त्याची मोजदाद नाही, त्याच्या डोक्यात ‘ते’चं ‘आम्ही’ झालं होतं! हा काही त्याला खोटं पाडायचा पुरावा नाही, आठवणीतून लिहिताना कुणाचंही होतं. पण माझं लक्ष सर्वनामांकडे गेलं आणि मग सुटेना. चार ओळींत चार सर्वनामं आहेत. ते, आम्ही, मी, तू. त्यांचं प्रेम, आम्ही केलं, मला त्रास नाही, तुझं मन. कॅमेरा दर ओळीला जागा बदलतोय. पहिल्या ओळीत बोलणारा बर्मिंगहॅमच्या बाहेर उभा आहे, लांबून बोट दाखवतोय. दुसऱ्या ओळीत तो एका घोळक्यात आहे. तिसरीत एकटा. चौथीत तुमच्या तोंडासमोर.

आणि इथे मराठीने मला पकडलं. इंग्रजीत ‘वी’ म्हटलं की झालं. मराठीत विचारावं लागतं, आम्ही का आपण? ‘आम्ही सगळ्यांनी जमेल ते केलं’ म्हटलं की ऐकणारा बाहेर. ‘आपण सगळ्यांनी जमेल ते केलं’ म्हटलं की ऐकणाराही आत. भाषांतर करताना ‘बघू नंतर’ म्हणून इथे जागा रिकामी ठेवता येत नाही, काहीतरी लिहावंच लागतं. किंगचं वाचन ‘आम्ही’ आहे, आम्ही म्हणजे वॉलेसचे मतदार. कूपरचं वाचन पण ‘आम्ही’च, फक्त माणसं बदलली, आम्ही म्हणजे वॉलेसला नको असलेले. आणि ‘आपण’ टाकलं तर तिसरंच काहीतरी निघतं, म्हणजे वॉलेस हे आपल्या सगळ्यांचं कर्तृत्व आहे बरं का, दक्षिणेचं पण आणि उत्तरेचं पण, तू काही लांब नाहीस. हे वाचन मी तरी कुणा साक्षीदाराच्या तोंडी पाहिलेलं नाही, पण त्यापुढच्या दोन ओळींशी सगळ्यात चांगलं हेच जुळतं.

क्रियापदाकडे पण बघा. ‘जमेल ते केलं’ हे आपण कधी म्हणतो? जिंकल्यावर म्हणतो का? पोरगं पहिलं आल्यावर बाप म्हणत नाही की जमेल ते केलं. हे वाक्य हरल्यावरचं आहे, किंवा हात झटकतानाचं आहे, आणि इंग्रजीतही त्याचा सूर तोच. यावरून मी खूश झालो की किंग पडला, वॉलेस तर १९७० मध्ये परत निवडून आलेला होता, जिंकलेल्या माणसाचे समर्थक असं पडेल वाक्य कशाला बोलतील. पण मग तारखा लावल्या आणि ती खुशी पण गेली. १९७२ मध्ये वॉलेस राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षात उभा होता, फ्लोरिडाची प्राथमिक निवडणूक त्याने जिंकली, फ्लोरिडा म्हणजे बँडचं राज्य, आणि १५ मे ला मेरीलँडमध्ये एकाने त्याला गोळ्या घातल्या, तो कायमचा व्हीलचेअरवर गेला आणि ती मोहीम संपली. १९७३ मध्ये एखादा वॉलेसवाला सुस्कारा टाकून म्हणूच शकतो की आम्ही जमेल ते केलं. हे पण बसतं. प्रत्येक वेळी वाटतं सापडलं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूलाही तेवढीच जागा असते. (गिटारवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. डी, सी, जी असे तीन कॉर्ड फिरत राहतात आणि गाणं डी मध्ये आहे का जी मध्ये यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. घरचा सूर कुठला यावरच एकमत नाही.)

शेवटी मला रस्ता मिळाला तो वॉटरगेटच्या ओळीतून, जिच्याकडे मी आधी दुर्लक्ष केलं होतं. गाणं झालं तेव्हा १९७३ च्या उन्हाळ्यात सिनेटच्या वॉटरगेट चौकशीचं टीव्हीवर प्रक्षेपण चालू होतं, देशभर तोच विषय. गाणं चार्टवर चढेपर्यंत ८ ऑगस्ट १९७४ ला निक्सनचा राजीनामा जाहीर होऊन दुसऱ्या दिवशी तो गेला पण होता. त्या काळात ‘मला वॉटरगेटचं काही वाटत नाही’ असं कोण म्हणेल? याचा साधा अर्थ लावून बरेच जण म्हणतात बघा, हा निक्सनवाला. पण ओळ एकटी नाहीये, तिच्या पाठोपाठ प्रश्न आहे, तुझं मन तुला खातं का. दोन्ही मिळून वाचलं की युक्तिवाद दिसतो. तुम्ही उत्तरेचे लोक मला वॉलेसचा हिशोब विचारता, ठीक आहे, मग वॉशिंग्टनमध्ये जे चाललंय त्याबद्दल मी तुम्हाला वैयक्तिक धरतो का? नाही धरत. मग बर्मिंगहॅमबद्दल मला का धरता? आणि तुमचं स्वतःचं मन साफ आहे का ते आधी सांगा.

हा युक्तिवाद आपण सगळे ओळखतो. घरातल्या भांडणात रोज असतो. माझ्या चुकीचा विषय निघाला की लगेच ‘आणि तू काय केलंस ते?’ यातली गंमत अशी की समोरच्यालाही विचारण्यासारखं असतंच. उत्तरेच्या शहरांत वर्णभेद नव्हता असं थोडंच आहे, १९६८ ला वॉलेस तिसऱ्या पक्षातर्फे उभा होता तेव्हा राज्यं त्याने दक्षिणेतलीच ५ जिंकली पण मतं त्याला उत्तरेतल्या कारखान्यांच्या गावांतूनही पडली होती. म्हणजे प्रश्न खोटा नाही. पण तो विचारला की पहिला विषय बंद होतो, आणि त्यासाठीच तो विचारतात.

म्हणून माझा निष्कर्ष असा झाला की हे गाणं वॉलेसच्या बाजूने आहे का विरोधात हा प्रश्नच चुकीच्या ओळीवर विचारला जातोय. सगळे बू वर भांडतात कारण बू ऐकू येतं. कडव्याचं राजकारण मात्र सर्वनामांच्या सरकण्यात आहे. वॉलेसला ‘त्यांच्या’ गळ्यात घातला, जबाबदारी ‘आम्ही सगळे’ मध्ये वाटून टाकली, आणि चेंडू ‘तुझ्या’ कोर्टात ढकलला. या सगळ्यात ‘मी’च्या वाट्याला फक्त एवढंच येतं की मला त्रास होत नाही. हे समर्थन नाही, निषेधही नाही. हा खांदे उडवण्याचा प्रकार आहे आणि तो फार कौशल्याने केलाय. व्हॅन झँट वर्णद्वेषी होता असं मला यातून म्हणायचं नाही, त्याच अल्बमवर कर्टिस लो नावाच्या एका काळ्या गिटारवाल्यावर, एका पोराच्या नजरेतून लिहिलेलं फार मायेचं गाणं आहे. याच गाण्यात पुढे मसल शोल्सच्या स्वॅम्पर्सचं नाव येतं, हे अलाबामातलेच गोरे वादक, अरीथा फ्रँकलिन आणि विल्सन पिकेट यांच्या मागे वाजवणारे. म्हणजे काळ्या गोऱ्यांनी एका खोलीत बसून संगीत केलं तो अलाबामाही गाण्यात आहे. व्हॅन झँटला दोन्ही अलाबामा माहीत होते. त्याने निवड करायचं टाळलं, एवढंच.

आणि टाळल्याचा परिणाम काय झाला तेही याच केसचा भाग आहे. खुद्द वॉलेसला बू ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्याने मनावर घेतलं नाही, त्याने बँडला राज्याच्या मिलिशियाचे मानद लेफ्टनंट कर्नल करून टाकलं! ज्याची हुर्यो उडवली असं म्हणतात तोच सन्मान देतोय म्हटल्यावर हुर्योत दम किती होता ते दिसतं. त्यात स्टेजवर मागे कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा झेंडा, आधी रेकॉर्ड कंपनीची जाहिरातीची कल्पना, मग बँडची ओळखच ती. २०१२ मध्ये रॉसिंग्टनने मुलाखतीत सांगितलं की तो झेंडा द्वेष करणाऱ्या संघटनांनी पळवलाय म्हणून आम्ही वापरणं थांबवतोय, चाहते भडकले आणि काही दिवसांतच बँडने शब्द फिरवला. त्या झेंड्याखाली उभं राहून तीन अक्षरांचं बू कुणाला ऐकू जाणार? २००९ पासून तर अलाबामाच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर गाण्याचं नाव आलं. नंबर प्लेटवर अर्थातच फक्त नाव असतं, ते कडवं नसतं.

शेवटाकडे, गाणं विरत जाताना, व्हॅन झँट अजून दोन गोष्टी बोलून जातो ज्या फार कमी लोक ऐकतात, तोपर्यंत पियानोवर बिली पॉवेल सुटलेला असतो. एकदा निळ्या आकाशाच्या ओळीला जोडून गव्हर्नर खरा आहे असं येतं, आणि मग माँटगोमरीकडे उत्तर आहे असं. आता माँटगोमरी म्हणजे वॉलेसची राजधानी, आणि माँटगोमरी म्हणजेच काळ्यांच्या हक्कांसाठीचा १९५५-५६ चा बस बहिष्कार, सेल्माहून निघालेला १९६५ चा मोर्चा जिथे पोचला ते शहर. कुठल्या माँटगोमरीकडे उत्तर आहे? मी त्या ठिकाणी आवाज पूर्ण वाढवून वीसेक वेळा ऐकलं असेल. तो पुढे काही सांगत नाही, आवाज कमी होत जातो आणि संपतो.

मित्राला मी हे सगळं एवढं लांब लिहून पाठवलं नाही. फोन केला, म्हणलं बेसवाला पण पूर्ण बरोबर नाही आणि ड्रमर पण नाही, वाजवायला हरकत नाही पण मागे झेंडाबिंडा लावू नका, आणि ते बू जरा जोरात घ्या, म्हणजे निदान ऐकणाऱ्याला प्रश्न तरी पडेल. माझं भाषांतर पण पाठवलं, त्यात मी ‘आपण’ लिहिलं होतं, ‘आम्ही’ खोडून. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, अरे पण आम्ही बू म्हणतच नाही. मी म्हणलं म्हणजे? तर म्हणे मागे गायला कोणी नाही ना आमच्याकडे, बेसवाला गायला लागला की त्याचं वाजवणं चुकतं, म्हणून तो भाग आम्ही पहिल्यापासूनच सोडून देतो.